अकूस्टिक गिटारचा पिकअप : नावापेक्षा जागा मोठी

अकूस्टिक गिटार हे मुळात खोलीतलं वाद्य. भोवती दहा-पंधरा माणसं बसलेली असतील तर तिला कशाचीही मदत लागत नाही. शेजारी ड्रम किंवा ढोलकी आली, कीबोर्ड आला, समोर सभागृह भरलं, की गिटार दिसते पण ऐकू येत नाही. मग पिकअपची शोधाशोध सुरू होते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा क्रमांक चौथा आहे. पिकअप गिटारच्या कोणत्या भागावर बसणार, तो किती नीट बसवला जाणार आणि त्याची केबल पुढे कोणत्या यंत्रात जाणार, हे तीन प्रश्न त्याआधी येतात. या तिघांची उत्तरं बरोबर असतील तर मध्यम किमतीचा पिकअपही उत्तम वाजतो. ती चुकली तर सर्वांत महागडा पिकअपही पत्र्यासारखा खणखणतो. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या क्षेत्रात जे जे झालं, ते पाहिलं तरी हाच निष्कर्ष निघतो.

आधी गिटारचा आवाज कसा तयार होतो ते पाहू. नुसती तार फारसा आवाज करत नाही, कारण ती इतकी बारीक असते की हवा ढकलणं तिला जमत नाही. तारेचं कंपन सॅडलवर, म्हणजे ब्रिजच्या खाचेत बसवलेल्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर येतं. तिथून ते ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून वरच्या लाकडी फळीत जातं. फळी हलते, पोटातली हवा साउंडहोलमधून आतबाहेर होते आणि त्या सगळ्यांचा मिळून जो आवाज होतो, तो आपल्या कानावर पडतो. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास आणि फळी 180 ते 200 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात घुमते. गिटारचा ऊबदार, भरलेला आवाज मुख्यतः या घुमण्यातून येतो. समोर ठेवलेला माईक हे सगळं एकत्र टिपतो. पिकअप मात्र या साखळीतल्या एका कडीवर बसून तेवढ्या जागची हालचाल विजेत बदलतो. तारेवर लक्ष ठेवणाऱ्या पिकअपला फळीची खबर नसते आणि सॅडलखालच्या पिकअपला पोटातल्या हवेची नसते. म्हणून कोणताही पिकअप ‘गिटारचा आवाज’ पूर्ण देत नाही. त्याने दिलेला अंश आपल्या कामाला पुरतो की नाही, एवढंच आपण ठरवू शकतो.

इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेत 1930च्या दशकात हॅरी डीआर्मंड यांनी गिटारवर जोडता येतील असे चुंबकीय पिकअप तयार केले. गिब्सन कंपनीने 1954मध्ये जे-160ई ही गिटार बाजारात आणली आणि 1962मध्ये जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी ती घेतल्यावर ती जगभर ओळखीची झाली. या गिटारची रचना बोलकी आहे. तिची वरची फळी मुद्दाम प्लायवूडची ठेवली होती आणि आतले आधारही असे होते की फळी कमी हलावी. फळी जास्त हलली की स्पीकरच्या आवाजाने गिटार शीळ घालू लागते, हे निर्मात्यांना माहीत होतं. शीळ टाळण्यासाठी त्यांनी गिटारचा मूळ आवाज थोडा मारला. मार्टिन कंपनीने 1959मध्ये डी-18ई आणि डी-28ई या गिटारींवर डीआर्मंडचे पिकअप बसवून तोच प्रयत्न केला. दुसरी वाट निघाली ती पिएझो स्फटिकांची. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी 1880मध्ये पॅरिसमध्ये दाखवून दिलं होतं. तो शोध गिटारच्या सॅडलखाली पोहोचायला साधारण नव्वद वर्षं गेली. चार्ल्स कामन यांच्या ओव्हेशन कंपनीने गोल पाठीच्या गिटारमध्ये असा पिकअप कारखान्यातच बसवायला सुरुवात केली आणि पुढे तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. या सगळ्या वाटचालीत प्रत्येक नवी रचना आली ती आधीच्या रचनेची एक उणीव भरून काढायला, आणि येताना स्वतःची एक उणीव घेऊन आली.

आता एकेक प्रकार पाहू. साउंडहोलमध्ये अडकवायचा चुंबकीय पिकअप हा बसवायला सर्वांत सोपा. दोन स्क्रू आवळले की झालं. गिटारला कुठेही भोक पाडावं लागत नाही. तो पोलादी तारेची हालचाल टिपतो आणि फळीकडे जवळपास दुर्लक्ष करतो, त्यामुळे मोठ्या आवाजाच्या मंचावरही सहसा शीळ घालत नाही. त्याची मर्यादाही याच गुणातून येते. ब्राँझच्या तारांमध्ये वरचा वेढा चुंबकाला दिसत नाही, फक्त आतला पोलादी गाभा दिसतो. पहिल्या दोन तारा संपूर्ण पोलादी असल्याने त्या बाकीच्यांपेक्षा पुढे येतात. चांगल्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालचा स्क्रू वरखाली करून हा तोल साधता येतो. नायलॉनच्या तारांवर मात्र हा प्रकार अजिबात चालत नाही, म्हणजे क्लासिकल गिटारला तो बाद. आवाज इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे, पण दर वेळी तो दोष ठरतोच असं नाही. ‘निर्वाणा’ या बँडच्या कर्ट कोबेनने नोव्हेंबर 1993मध्ये न्यूयॉर्कला केलेला ‘अनप्लग्ड’चा कार्यक्रम 1959च्या मार्टिन डी-18ईवर, साउंडहोलमध्ये बसवलेल्या चुंबकीय पिकअपसह वाजवला. तो आवाज निखळ अकूस्टिक नाही, तरी त्या गाण्यांना तो इतका शोभला की दुसरा कल्पवत नाही.

सॅडलखालचा पिएझो हा आज सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तारांचा सगळा दाब सॅडलवरून त्याच्यावर येतो, म्हणून त्याचा आवाज स्पष्ट, धारदार आणि बँडच्या गर्दीतून वाट काढणारा असतो. शिळेलाही तो बऱ्यापैकी दाद देत नाही. पण हलक्या हाताने वाजवताना गोड वाटणारा हा पिकअप जोरात स्ट्रमिंग केलं की रबर ताणून सोडल्यासारखा आवाज काढतो. तारेचा पहिला झटका फळीने मऊ करायच्या आधीच त्याच्यापर्यंत पोहोचतो, हे त्याचं कारण. तिसरा प्रकार चकत्यांचा. ब्रिजच्या बरोबर खाली, गिटारच्या आतून, ब्रिज प्लेटवर लहान पिएझो चकत्या चिकटवतात. चकत्या तीन असतील तर पहिली-दुसरी, तिसरी-चौथी आणि पाचवी-सहावी या तारांच्या मधोमध एकेक येते. या जागेवर फळी खरोखर हलते, म्हणून आवाजात लाकूड ऐकू येतं, तो खणखणत नाही आणि गिटारच्या अंगावर ताल धरणाऱ्यांची प्रत्येक थाप त्यात उतरते. फळी हलते म्हणजे स्पीकरचा आवाजही तिला हलवतो, म्हणून मोठ्या मंचावर हाच प्रकार सर्वांत आधी शीळ घालतो. चौथा प्रकार आतल्या छोट्या माईकचा. तो एकटा क्वचितच पुरतो, पण सॅडलखालच्या पिकअपला किंवा चुंबकीय पिकअपला जोड म्हणून हवेचा भाग भरून काढतो. दोन्हींची बेरीज करताना दोघांचे संकेत एकमेकांना छेदणार नाहीत, हे पाहावं लागतं. नाहीतर दोन चांगले आवाज मिळून एक पोकळ आवाज तयार होतो.

पिकअप कुठल्या जागी बसतो यानंतर सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे त्याची केबल कशात खुपसली जाते. पिएझो हा विजेच्या भाषेत लहानसा कपॅसिटर असतो. सॅडलखालच्या पिकअपची धारिता साधारण 1 नॅनोफॅरॅड धरली, तर पुढच्या यंत्राच्या इनपुटचा रोध आणि ही धारिता मिळून एक सीमा ठरते. त्या सीमेखालचे स्वर क्षीण होत जातात. इनपुट 10 मेगओहमचं असेल तर ही सीमा सुमारे 16 हर्ट्झ येते, म्हणजे गिटारचे सगळे स्वर सुखरूप. 1 मेगओहम असेल तर ती सुमारे 159 हर्ट्झवर जाते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर 82 हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची मूळ पातळी निम्म्याहून खाली येते. आणि हीच केबल मिक्सरच्या 10 किलोओहमच्या साध्या लाइन इनपुटमध्ये थेट घातली, तर सीमा जवळपास 16,000 हर्ट्झवर पोहोचते. उरतो तो नुसता किरकिराट. प्रीअँप, म्हणजे पिकअपचा क्षीण संकेत सावरून वाढवणारं यंत्र, नसलेला पिकअप लावून थेट मिक्सरमध्ये वाजवणारे अनेक जण ‘पिकअप फालतू निघाला’ असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष या एका जोडणीचा असतो. चकत्यांची धारिता यापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून त्या 1 मेगओहमवरही समाधानाने चालतात. साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणारी पेटी, मात्र पिएझोसाठी नकोच. त्याचं इनपुट मेगओहमच्या आसपासही नसतं. पिकअपसाठी ठरवलेल्या पैशातला पुरेसा हिस्सा चांगल्या प्रीअँपला किंवा जास्त रोधाच्या अॅक्टिव्ह डीआयला द्यावा, हे यातून सरळ निघतं.

बसवणं हा उरलेला प्रश्न, आणि सॅडलखालच्या पिकअपच्या बाबतीत तो निर्णायक आहे. तारा उतरवून सॅडल बाहेर काढली की पहिलं काम खाचेचा तळ तपासण्याचं. तो आरशासारखा सपाट हवा. तळाला जरासा उंचवटा किंवा जुन्या गोंदाचा थर असेल तर पिकअप तिथेच दाबला जातो आणि शेजारच्या तारा गप्प होतात. मग खाचेच्या एका टोकाला केबल आत जाण्यापुरतं बारीक भोक पाडतात. त्याआधी आरसा आणि दिवा आत घालून खाली लाकडी आधार तर नाही ना, हे बघावं लागतं. पिकअपची पट्टी साधारण 1 ते दीड मिलिमीटर जाडीची असते आणि तितकीच सॅडल खालच्या बाजूने घासून कमी करावी लागते. न घासता पट्टी सरकवली तर बाराव्या पडद्यावर तारांची उंची अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढते आणि हात दुखायला लागतो. घासण्यासाठी काचेवर सँडपेपर चिकटवून सॅडल उभी धरून एका दिशेने ओढतात. ती जराही कलली तर तळ गोल होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. खाचेत सॅडल कशी बसते तेही महत्त्वाचं. ती बोटांनी सहज निघाली पाहिजे, पण गिटार उलटी केली तर पडता कामा नये. घट्ट असेल तर दाब खालपर्यंत पोहोचत नाही आणि सैल असेल तर ती तारांच्या ओढीने पुढे झुकून एकाच कडेवर टेकते. तारा चढवल्यावर सहाही तारा एका जोराने वाजवून बघाव्यात. एखादी मंद असेल तर प्रीअँपच्या बटणांनी ती कधीही सुधारत नाही. पुन्हा तळ तपासायला लागतो.

बाकीच्या जोडणीतही सावधगिरीची दोन-तीन ठिकाणं आहेत. जॅक सामान्यतः पट्ट्याच्या मागच्या खुंटीच्या जागी, एंडपिनमध्ये बसतो. तिथलं भोक सुमारे 12.7 मिलिमीटरपर्यंत मोठं करावं लागतं. ड्रिल एकदम घातलं तर पॉलिश उडतं आणि लाकूड चिरतं. हळूहळू रुंद होणाऱ्या रीमरने हे काम निवांत करावं. प्रीअँप गिटारच्या आत असेल तर जॅकमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय लागली पाहिजे. गिटारच्या कडेला मोठी चौकट कापून इक्वलायझर बसवण्याचा प्रकार प्लायवूडच्या गिटारला फारसा बाधत नाही, पण अस्सल लाकडाच्या गिटारला तो करू नये. पाच-सात वर्षांनी तो प्रीअँप बंद पडला तर त्याच मापाचा दुसरा मिळेलच असं नाही, आणि कापलेलं लाकूड परत येत नाही. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पावसाळ्यात फळी ओलावा शोषून फुगते, ब्रिजखालचा भाग थोडा वर येतो आणि हिवाळ्यात समतोल असलेला सॅडलखालचा पिकअप एखाद-दुसऱ्या तारेवर कमी पडू लागतो. म्हणून नवा पिकअप शक्यतो हवा स्थिर असताना बसवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्यावा.

या मांडणीवर काही आक्षेप येणं साहजिक आहे. पहिला, मग माईकच का नको? शांत सभागृहात, एकटा वादक स्थिर बसून वाजवत असेल तर माईक आजही सर्वोत्तम आहे, यात वाद नाही. पण गिटारजवळ उघडा माईक ठेवला की शेजारचे ड्रम, गायक, स्वतःचा मॉनिटर सगळे त्यात शिरतात, आणि मंचावर चालणाऱ्या-फिरणाऱ्या वादकाला माईकसमोर खिळून राहणं जमत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फिशमन कंपनीच्या ‘ऑरा’सारखी डिजिटल यंत्रं पिकअपच्या आवाजावर माईकने टिपलेल्या गिटारचा साचा चढवतात. मग जागेचा एवढा विचार कशाला? ही यंत्रं खरोखर उपयोगी आहेत आणि सॅडलखालच्या पिकअपचा कडकपणा ती बराच कमी करतात. पण साचा जे आलं त्यालाच आकार देतो. सहावी तार मंद आली असेल तर साच्यातूनही ती मंदच निघते, आणि चुकीच्या इनपुटमध्ये गेलेला खालचा स्वर कोणताही साचा परत आणत नाही. शिवाय त्यातला माईकसारखा घुमारा जितका वाढवावा तितकी शीळ जवळ येते. तिसरा आक्षेप असा की पिकअप बसवण्याच्या भानगडीत न पडता दुकानात ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणून मिळणारी तयार गिटार घ्यावी. नव्याने शिकणाऱ्याला हा सल्ला बऱ्याचदा योग्य आहे. मात्र स्वस्त तयार गिटारमध्येही सॅडल घट्ट बसलेली आणि तळ खडबडीत असू शकतो. अशी गिटार आणल्यावर एखाद्या चांगल्या कारागिराकडून तेवढी सॅडल नीट करून घेतली, तर नवा पिकअप घेण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

शिळेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ती टाळायच्या नादात अनेक जण चांगला पिकअप काढून टाकतात. स्पीकरचा आवाज गिटारला हलवतो, गिटार ती हालचाल पुन्हा स्पीकरकडे पाठवते आणि फेरा वाढत जातो. हे सर्वांत आधी तिथेच होतं जिथे गिटार स्वतः घुमते, म्हणजे 100 हर्ट्झच्या जवळ. उपायही तिथेच करायचे. साउंडहोलवर रबराचं झाकण लावलं की हवेचं घुमणं दबतं. प्रीअँपवरचं फेजचं बटण दाबून पाहावं. बऱ्याच वेळा एवढ्यानेच फेरा तुटतो. नॉच फिल्टरने तेवढी एक पट्टी कमी करावी आणि 80 हर्ट्झखालचा भाग कापावा. मॉनिटर गिटारच्या तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला वळवावा. हे सगळं केल्यावरही शीळ थांबत नसेल, तर त्या मंचासाठी पिकअपची जागा बदलायला हवी, कंपनी नव्हे. चुंबकीय पिकअप लावलेला असेल तर शीळ कमी, पण घरघर ऐकू येऊ शकते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिची घरघर 50 आणि 100 हर्ट्झवर येते. अर्थिंग नीट नसलेल्या हॉलमध्ये ती वाढते, म्हणून दोन गुंडाळ्यांचा, घरघर रद्द करणारा पिकअप घेणं शहाणपणाचं.

आता निर्णयाकडे येऊ. घरात रेकॉर्डिंग करायचं असेल किंवा छोट्या बैठकीत एकट्याने वाजवायचं असेल, तर ब्रिज प्लेटवरच्या चकत्या आणि त्यांच्यापुढे एक स्वच्छ प्रीअँप ही सर्वांत नैसर्गिक जोडी. चर्चमध्ये, कॉलेजच्या मंचावर, लग्नसमारंभात किंवा बारा-पंधरा जणांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्याने सॅडलखालचा पिकअप घ्यावा, तो कारागिराकडून बसवून घ्यावा आणि 10 मेगओहम इनपुट असलेला प्रीअँप सोबत ठेवावा. ज्याची गिटार जुनी, दुर्मिळ किंवा वारशाने आलेली आहे, त्याने तिला एकही भोक न पाडता साउंडहोलमधला चुंबकीय पिकअप लावावा आणि त्याच्या वेगळ्या आवाजाशी जुळवून घ्यावं. नायलॉनच्या तारा असतील तर चुंबकीय सोडून सॅडलखालचा किंवा चकत्यांचा यातून निवडावं. पैशांची वाटणी करताना एक नियम पाळा: निम्मे पिकअपवर आणि उरलेले निम्मे बसवणाऱ्याच्या मजुरीवर व प्रीअँपवर. आणि पिकअप विकत घ्यायच्या आधी तुमची गिटार, तुमचा मंच आणि तुमच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेलं यंत्र, या तिन्हींची नोंद कागदावर करून मगच दुकानाची पायरी चढा.